शब्द गिळल्याचा दिवा

बायकांच्या गळ्यात बांधायच्या गळपट्ट्या आल्या त्या दिवशी शेवंताक्काच्या मनगटावरचा दिवा सकाळी जो लागला, तो शेड बंद होईपर्यंत विझला नाही.

दिवा म्हणजे काय, तर मसुराच्या दाण्याएवढा पिवळा मणी. घड्याळासारख्या रबरी मनगटीत बसवलेला. शेवंताक्काने तो पदराने पुसला, टिचकी मारून बघितला, हात झटकून बघितला. मणी आपला पेटलेलाच. दुपारच्या चहाला तिने मिरजेहून आलेल्या इंजिनियर मुलीला, तेजल शिरोळकरला, सगळ्यांदेखत धारेवर धरलं.

"ए पोरी, बिघडलेला माल माझ्याच नशिबी घातलास व्हय?"

"बिघडलेला नाही, अक्का," तेजल म्हणाली. "त्याला जेवढं कळतं तेवढंच तो सांगतोय. तुमच्या बायका तुमच्यापुढे शब्द गिळतात."

"माझ्या बायका? अगं, ह्यांची तोंडं बंद ठिवता ठिवता माझा जीव मेटाकुटीला येतोय. ह्या काय गिळत्यात?"

चहाच्या कपांवरून एकीनेही मान वर केली नाही. मणी मात्र आणखी उजळला.

तासगाव तालुक्यातल्या हिंगणमाळ गावचं हे बेदाणा केंद्र. पूर्वी द्राक्षं उघड्या माळावर, जाळ्यांवर टाकून वाळायची. पण पाऊस कुठल्याही महिन्यात येऊन तोंड दाखवायला लागला, आणि उघड्यावरचा बेदाणा म्हणजे निव्वळ जुगार झाला. मग गावाने मिळून एक लांबलचक बंद शेड बांधली. एका टोकाला गरम हवेत द्राक्षं वाळवायचा बोगदा. मध्ये गंधकाची धुरी द्यायच्या खोल्या, म्हणजे बेदाण्याचा रंग काळवंडत नाही. त्यापुढे निवडीचा सरकता पट्टा, आणि पट्ट्याच्या मागे भिंतीला भिंत लावून कोल्ड स्टोरेज. रंग ओळखायला कॅमेऱ्याचं यंत्र होतं. पण आत ओल राहिलेला दाणा, बुडाशी काडी लपवून बसलेला दाणा यंत्राला कळत नसे. तो बायकांच्या बोटांना कळे. आणि त्या बायकांची मुकादमीण होती शेवंताक्का सूर्यवंशी.

शेवंताक्का तिसरीपर्यंत शिकलेली. "पुढं मास्तरलाच मी झेपंना," असं ती सांगायची. अंगाने काटक, नाकात टपोरी नथ, आणि आवाज असा की माळाच्या पलीकडच्या विहिरीवरची म्हैस मान वळवून बघायची. तिच्या हाताखालचा माल सांगलीच्या सौद्यात खोकं न उघडता उचलला जायचा, आणि हे तिला पक्कं ठाऊक होतं. तिचा नियम एकच. पट्टा चालू, तोंड बंद.

आणि तिची एक रीत होती. रोज सकाळी धुरीच्या खोलीतून जाळ्या बाहेर आल्या की ती त्यातला मूठभर बेदाणा उचलायची, डोळे मिटायची, मूठ नाकाशी न्यायची आणि एक लांब श्वास घ्यायची. गंधकाचा भपका गेला असेल तर म्हणायची, "उतरली." नसेल तर, "अजून ऱ्हाऊ दे." तिच्या तोंडून 'उतरली' आल्याशिवाय पट्ट्याचं बटण दाबायची कुणाची छाती नव्हती. हे कुणी ठरवून दिलेलं नव्हतं. सूर्य उगवतो तसं ते होतं.

तेजलने चहा संपवला आणि सगळ्यांना कळेल असं सांगितलं.

"माणूस बोलायचं ठरवतं ना, तेव्हा आवाज फुटायच्या आधीच गळ्याचे स्नायू तयारीला लागतात. मेंदूकडून त्यांना अगदी बारीकशी वीज येते. आयत्या वेळी माणसाने बोलणं रद्द केलं, तरी ती वीज येऊन गेलेली असते. शब्द बाहेर पडत नाही, पण गळ्यात त्याची चाहूल उरते. तुमच्या गळ्यातली ही पट्टी ती चाहूल पकडते आणि अक्कांच्या मण्याला कळवते. शब्द कोणता ते तिला कळत नाही. कुणाचा ते ती सांगत नाही. एकीने गिळला तर मणी मंद लागतो, पुष्कळजणींनी गिळला तर लखलखीत. बास, एवढंच."

"आन् थुकी गिळली तर?" कल्पीने विचारलं. पट्ट्यावरची सगळ्यात लहान आणि सगळ्यात वात्रट पोरगी.

"थुंकी आणि शब्द यातला फरक तिला शिकवलाय."

"माझ्या सासूला शिकीव म्हणावं," कल्पी पुटपुटली.

"पण ह्याचा उपेग काय?" शेवंताक्काने विचारलं.

तेजल म्हणाली, "यंत्र करणाऱ्यांनी कारखान्यांतले अपघात तपासले. जवळजवळ प्रत्येक वेळी कुणीतरी आधी बघितलेलं होतं. नळी गळतेय, पट्टा घासतोय, वास येतोय. पण साहेबाला कसं सांगायचं, म्हणून ते माणूस गप्प राहिलं." तिने पट्ट्यामागच्या भिंतीकडे बोट केलं. "त्या भिंतीपलीकडे अमोनियाच्या नळ्या आहेत. कोल्ड स्टोरेज गार राहतं ते त्याच्यावर. तो वायू सुटला तर आधी नाकाला कळतो, मग डोळ्यांना, आणि मग फुफ्फुसं जाळतो. ज्या बाईला पहिल्यांदा कळेल, तिने ते तुम्हाला लगेच सांगितलं पाहिजे. नाही सांगितलं तर या शेडमधून सगळ्याजणी बाहेर पडतील, अशी खात्री मी देऊ शकत नाही. म्हणून केंद्राच्या कमिटीने ठरवलंय, हंगाम संपेपर्यंत मणी असाच पेटत राहिला तर मुकादमी दुसऱ्या कुणाला तरी द्यायची."

शेवंताक्काने कप खाली ठेवला. तिच्या हातून मुकादमी काढून घ्यायची भाषा आजवर गावात कुणी केली नव्हती. आणि आता करतोय कोण, तर मसुराचा दाणा.

दुसऱ्या दिवशी तिने सरळ मार्ग धरला. पट्टा सुरू करायच्या आधी ती एकेकीसमोर जाऊन उभी राहिली.

"जैबून, तू काय गिळलंस काल?"

"काय बी न्हाय, अक्का." मणी लागला.

"कल्पे, तू?"

"म्या? म्या तर बोलून बोलून दमते, अक्का." मणी भडकला.

पट्ट्याच्या शेवटच्या जागेवर, भिंतीजवळ, तिची सून बसायची. रेवती. मान खाली, पदर डोक्यावर. सूर्यवंशांच्या घरात सासूचं बोलणं चारचौघांत खोडायचं नाही, अशी चाल होती. शेवंताक्काने स्वतः ती पाळली होती, आणि पाळताना किती वेळा दात ओठात रुतले होते, ते तिचं तिला माहीत.

"रेवती?"

"काय न्हाय, आत्याबाई."

मणी असा पेटला की शेवंताक्काने त्यावर पदर टाकला.

मग ती घरी गेली, भाकरी थापता थापता तिने विचार केला, आणि तिला वाटलं, सापडलं. आपण फार कडक आहोत. आता गोड व्हायचं.

शेवंताक्का गोड झाली, त्या आठवड्याची गोष्ट हिंगणमाळात अजून सांगतात. सकाळी आल्या आल्या तिने जाहीर केलं, "आजपासनं तुमी म्हणाल तसं." कुणी कुठं बसायचं, तुमी ठरवा. पट्टा किती जोरात ठेवायचा, तुमी ठरवा. चहा कधी, गाणी कुठली, तुमीच ठरवा. एखादीच्या हातून काडी सुटली, की पूर्वी जिथे शेड हादरायची तिथे अक्का म्हणायची, "असू दे गं बाई, हुतंय."

पहिल्या दिवशी बायका एकमेकींच्या तोंडाकडे बघत राहिल्या. दुसऱ्या दिवशी गाण्यांवरून भांडण झालं. तिसऱ्या दिवशी खिडकीजवळची जागा कुणाची यावरून दोघीजणी बोलेनाशा झाल्या, पट्टा कधी पळायचा, कधी गोगलगायीगत चालायचा, आणि हिरव्या बेदाण्याच्या खोक्यात काळा बेदाणा निघाला. शेवंताक्काने तो काळा दाणा चिमटीत धरला, तिच्या ओठांवर जे आलं ते तिने महाप्रयासाने आवरलं, आणि म्हणाली, "असू दे."

मणी दोन दिवस थोडा मंदावला होता. तो परत फुलला.

"ह्यो आता का पेटलाय?" तिने तेजलला कोपऱ्यात घेऊन विचारलं. "मी तर दुधात साखर घातल्यागत वागतीया."

"मलाही नक्की सांगता येणार नाही, अक्का," तेजल म्हणाली. "आधी काहीतरी गिळत होत्या. आता बहुतेक आणखी काहीतरी गिळतायत."

ते काय, ते जैबूनने सांगितलं. जैबून आणि शेवंताक्का एकाच वर्षी या कामाला लागल्या होत्या, तेव्हा दोघींच्या वेण्या काळ्या होत्या. शेड सुटल्यावर दोघी नळावर हात धुवत होत्या. गळपट्ट्या काढून खुंटीला टांगलेल्या.

"अक्का, रागावणार न्हाईस तर बोलू?"

"रागवायचं मी सोडलंया."

"त्येच तर." जैबूनने हात झटकले. "मुकादमीण कुणीकडं गेली आमची? पट्टा किती जोरात ठिवायचा हे तुला ठाव हाय. कोण कुठं बसली की काम उरकतंय, हेबी तुला ठाव हाय. मग त्ये आमास्नी कशाला इचारतीस? आमी आपल्या भांडत बसतो. ठाव हाय त्ये तू सांग. ठाव न्हाय त्ये इचार."

"मला ठाव न्हाय असं काय हाय?" शेवंताक्काच्या तोंडून निघून गेलं.

जैबून हसली नाही. तिने शेवंताक्काकडे असं बघितलं, जसं आजारी माणसाकडे बघतात, आणि पदराला हात पुसत निघून गेली.

त्या बघण्याने शेवंताक्काची झोप उडवली. सकाळी ती आली ती जुन्या तोऱ्यात. खिडकीची जागा जिची होती तिला दिली, गाणी बंद केली, पट्ट्याचा वेग तिने ठरवला. काळ्या दाण्याची आठवण सगळ्यांना करून दिली, आणि ती जरा सविस्तर दिली. बायकांच्या खांद्यांवरचं ओझं उतरल्यासारखं झालं. बोटं चालायला लागली. मणी मंद झाला. पण पूर्ण विझला नाही. रोज सकाळी एका ठरावीक वेळी तो हमखास फुलायचा. शेवंताक्काने चार दिवस लक्ष ठेवलं, आणि तिला कळलं, ती मूठ नाकाशी नेते तेव्हा.

हे तिने कुणाला सांगितलं नाही. तिला त्याचा अर्थ लागला नाही, आणि अर्थ लागला नाही असं म्हणायची तिच्या जिभेला सवय नव्हती.

मग तो मंगळवार आला.

जाळ्या धुरीतून बाहेर आल्या होत्या. शेडमध्ये गंधकाचा धूर थोडा रेंगाळत होता, नेहमीसारखाच. शेवंताक्काच्या डोळ्यांना किंचित झोंबलं, ते तिने धुराच्या माथी मारलं. भिंतीवर अमोनिया हुंगणारी यंत्राची पेटी होती, तिचा दिवा हिरवा होता. तिने मूठ उचलली, डोळे मिटले, लांब श्वास घेतला.

"उतरली," ती म्हणाली. "चला, बसा." आणि तिचा हात पट्ट्याच्या बटणाकडे गेला.

मनगटावरचा मणी पांढरा पडावा इतका लखलखला. असा तो कधीच पेटला नव्हता. म्हणजे एकीने नव्हे, दोघींनी नव्हे. सगळ्यांनी.

शेवंताक्काचं बोट बटणावर थांबलं. आयुष्यभराची शेवंताक्का आतून म्हणत होती, दाब, काम खोळंबलंय. गेल्या आठवड्यातली गोड शेवंताक्का म्हणत होती, सगळ्यांना विचार, काय करूया. दोघींचंही तिने ऐकलं नाही. तिने बटणावरून हात काढला, वळली, आणि जे वाक्य तिच्या तोंडात कधी बसलं नव्हतं ते बोलली.

"मला कळंना झालंय. माझ्या हातावर ह्ये काय पेटलंया, मला ठाव न्हाय. तुमास्नी ठाव हाय. सांगा."

जैबून बेदाण्याकडे बघत होती. कल्पी पदराचं टोक पिळत होती.

"मी थांबलीया," शेवंताक्का म्हणाली. आवाज हळू होता. "सांगितल्याबिगार पट्टा लागायचा न्हाय."

भिंतीजवळच्या जागेवरून रेवती उठली. तिच्या डोक्यावरचा पदर घसरला आणि तिने तो सावरला नाही.

"आत्याबाई, तुमच्या नाकाला वास येत न्हाय," ती म्हणाली. "लई दिस झालं. आन् आत्ता हितं दुसराच वास येतोय, धुरीचा न्हवं. मुतारीगत, उग्र. कोपऱ्यात बघा, पांढरं धुकं साठलंय. गंधकाचा धूर असा पांढरा नसतोय."

शेवंताक्काच्या कानशिलापर्यंत रक्त चढलं. चारचौघांत, सुनेने, आणि तेही नाकाबद्दल. एक क्षण गेला. तो क्षण तिला पुढे जन्मभर आठवला, कारण त्यात ती सुनेला गप्प बसवूही शकली असती आणि तिचं ऐकूही. तिने कोपऱ्याकडे बघितलं. धुकं होतं.

दुखणं तिने बाजूला ठेवलं. दुखायला नंतर वेळ मिळणार होता. मग म्हैस मान वळवते तो आवाज तिने काढला.

"उठा. पदर भिजवा, नाकातोंडाला धरा. भिंतीकडच्या दारानं कुणी जायचं न्हाय, बागंकडच्या दारानं. रेवती फुडं, तिच्या मागं एकेक. जैबून, ती अंगावर दूध पाजणारी पोरगी तुझ्या हाताला धर. डबं ऱ्हाऊ द्या."

"अक्का, माजा फोन..." कल्पी मागे वळली.

"फोनला फुफ्फुसं न्हाईत. चल म्हणते न्हवं."

कुणी विचारलं नाही, का. कुणी म्हटलं नाही, पण. दाराशी उभी राहून शेवंताक्काने प्रत्येकीच्या पाठीवर हात टेकवला आणि तिला बाहेर ढकललं. एकही पाठ राहिली नाही अशी खात्री झाल्यावर ती शेवटी बाहेर पडली, जाता जाता भिंतीवरची धोक्याची घंटा ओढून. सगळ्याजणी बागेतल्या शेवग्याच्या झाडाखाली पोहोचतात न पोहोचतात, तोच आतून फटकन आवाज झाला, आणि ज्या दाराने त्या रोज घरी जायच्या त्यातून पांढरा ढग लोटत बाहेर आला.

तेजल ऑफिसातून तोंडाला मास्क लावून धावत आली आणि तिने बाहेरच्या बाजूचा मोठा वॉल्व्ह बंद केला. अग्निशमनवाल्यांनी येऊन पाण्याचे फवारे मारले, कारण अमोनिया पाण्यात विरघळतो. दुपारपर्यंत हवा निवळली. कुणाला खोकलासुद्धा आला नाही.

"पेटी हिरवीच होती," तेजल भिंतीवरचं यंत्र हातात घेऊन आली. तिचा चेहरा उतरला होता. "गंधकाचा धूर आणि अमोनिया एकत्र आले की दोघांची मिळून पांढरी बारीक पूड होते. तेच ते धुकं. गळती थोडी होती तोवर धूर तिला खाऊन टाकत होता, आणि हंगामभर धूर लागून पेटीचा आतला भागही बधिर झालेला. तिला वाटत होतं, हवा साफ आहे. मला हे आधी सुचायला हवं होतं."

"म्हंजे तुझ्या पेटीचं आन् माझं दुखणं एकच," शेवंताक्का म्हणाली.

ती शेवग्याच्या बुंध्याला टेकून बसली होती. नथ काढून तिने हातात घेतली होती. तिने बायकांकडे बघितलं.

"कवापासनं ठाव हाय तुमास्नी?"

"संक्रांतीपासनं," जैबून म्हणाली. "तिळगूळ करपला व्हता, आन् तू म्हणालीस झकास झालाय."

"मग धुरी? मी उतरली म्हणायची, ती?"

बायकांनी रेवतीकडे बघितलं. रेवतीने खाली बघत सांगितलं, "तुमी फुडं गेलासा की आमी एकेक मूठ हुंगून बघायचो. उतरली नसंल तर ती जाळी गुपचूप परत ठिवायची."

"आन् एकीनंबी मला सांगितलं न्हाय."

"तुमी ती मूठ घेऊन डोळं मिटता ना, अक्का," कल्पी म्हणाली, आणि या वेळी तिच्या आवाजात वात्रटपणा नव्हता, "त्ये बगायला आमास्नी आवडतंय."

शेवंताक्काने नथ परत नाकात घातली. तिला बराच वेळ लागला, फिरकी सापडेना.

आठवड्याने कमिटीची सभा भरली. चेअरमन दिनकरआप्पा उभे राहिले आणि म्हणाले, अमोनियाची गळती यंत्राला कळली नाही पण आमच्या शेवंताक्कांच्या नाकाला कळली, अशी नाकं गावाची शान आहेत, तेव्हा नारळ आणि साडी. टाळ्या पडल्या. मुकादमीचा प्रश्न तिथेच मिटत होता. नारळ घ्यायचा आणि खाली बसायचं, एवढंच काम होतं.

शेवंताक्काने नारळ घेतला नाही.

"आप्पा, नाक माझं न्हवं. मला वास येतच न्हाय. मी पट्टा लावाय निघाले व्हते. रेवती बोलली म्हणून आमी सगळ्या जित्या हाय." तिने रेवतीकडे बोट केलं. "आता मुकादमी काढायची असंल तर काढा. पण साडी तिला द्या. आन् बरी द्या, मागल्या वेळसारकी पडद्याच्या कापडाची नको."

दिनकरआप्पांनी बायकांकडे वळून विचारलं, "तुमचं म्हणणं काय?"

"म्हणणं काय असायचंय," जैबून म्हणाली. "रेवती बोलली त्ये खरं. पण बोलल्यावर आमास्नी त्या दारातनं हाकलायला आवाज कुणाचा व्हता? आमी एकमेकींना इचारत बसलो असतो तर आज तुमी आमच्या फोटूला हार घालत असता."

"आन् फोटूबी चांगला न्हाय माझा," कल्पी म्हणाली.

मुकादमी राहिली. शेवंताक्काने एक अट घातली, आणि ती तिने विनंती म्हणून घातली, म्हणजे तिच्या परीने विनंती म्हणून. धुरीचा वास रेवतीने बघायचा. रेवती 'न्हाय' म्हणाली की पट्टा लागायचा न्हाय, मग मुकादमीण काय वाटेल ते म्हणो. त्या दिवसापासून रोज सकाळी शेवंताक्का मूठ उचलायची ती सुनेच्या नाकापुढे धरायची. रेवतीने डोळे मिटायचे. बायका बघत राहायच्या.

हंगामाच्या शेवटच्या दिवशी तेजल मनगटी परत न्यायला आली. मणी आता क्वचित पेटायचा. पट्टा चालू, तोंड बंद हा नियम शेवंताक्काने मोडला नव्हता, फक्त त्याला एक फट ठेवली होती. मणी लागला की ती पट्टा थांबवायची आणि म्हणायची, "बोला, मी ऐकतीया." ऐकून झालं की पुन्हा ओरडायची.

"जरा थांब," शेवंताक्का तेजलला म्हणाली. "न्यायच्या आधी एक कर. ह्यो मणी रेवतीच्या हाताला बांध. बाकीच्यांच्या पट्ट्या काढून घे, आन् तिची पट्टी माझ्या गळ्याला."

"का, आत्याबाई?"

"बघू तरी ह्यो माझं काय सांगतोय."

पट्टी शेवंताक्काच्या गळ्यात बसली. रेवतीच्या मनगटावर मणी लागला, आणि लागलेलाच राहिला. शेवटचं खोकं भरलं, पट्टा पुसला, जाळ्या धुतल्या, मणी जळतच होता.

"आत्याबाई," रेवती शेवटी म्हणाली, "एवढं काय गिळतायसा?"

"शिव्या," शेवंताक्का म्हणाली.

मणी तसाच जळत राहिला. शिवी गिळायची शेवंताक्काला गरजच काय, हे तिथल्या प्रत्येकीला ठाऊक होतं. सगळ्याजणी हातातलं काम टाकून उभ्या राहिल्या.

शेवंताक्काने पदर कमरेला खोचला, सोडला, परत खोचला.

"संक्रांतीपासनं तुमी माझ्या मागनं जाळ्या हुंगल्या," ती म्हणाली. "माझा माल म्हणून सांगलीत जो नावाजला, त्यो तुमी राखला. मला तोंडावर पाडलं न्हाय. जैबून, नळावर तू मला जे बोललीस, त्ये माझी आईबी बोलली नसती. आन् रेवती." ती सुनेकडे वळली. "तू उभी ऱ्हायलीस. मला सासूपुढं कधी जमलं न्हाय त्ये तुला माझ्यापुढं जमलं. तुमचं सगळ्यांचं उपकार हायेत माझ्यावर. मी फेडायची न्हाय, आधीच सांगते. पण हायेत."

रेवतीच्या मनगटावरचा मणी विझला. पट्टी शेवंताक्काच्या गळ्यात बसल्यापासून पहिल्यांदाच, पूर्ण.

जैबूनने डोळ्यांना पदर लावला. तेजल उगाचच मशीनचा स्क्रूड्रायव्हर शोधायला लागली.

"अक्का," कल्पी हुंदका आवरत म्हणाली, "आता एवढ्या गोड बोललासा तर फुडल्या हंगामाला आमी कामाला उशिरा आलो तरी चालंल न्हवं?"

मणी भक्कन पेटला.

रेवतीने त्याकडे बघितलं, सासूकडे बघितलं, आणि लग्न होऊन या घरात आल्यापासून पहिल्यांदाच तिच्यापुढे मोकळी हसली.

"ह्यो मातूर गिळलेलाच ऱ्हाऊ द्या, आत्याबाई," ती म्हणाली.